आकाश बंद ठेवून आफ्रिकेतल्या कंपन्या वाचल्या का?

झांबियाची राजधानी लुसाका, तिथल्या आमच्या मराठी ग्रुपवर आठवडाभर एकच फॉरवर्ड फिरतोय. आफ्रिकेतल्या देशांनी एकमेकांना आकाश मोकळं केलं, म्हणजे एकमेकांच्या विमान कंपन्यांना बिनअडथळा उडू दिलं, तर इथिओपियन एअरलाइन्स सगळ्यांना गिळणार, छोट्या देशांच्या कंपन्या संपणार, तिकीट काही स्वस्त होणार नाही, आणि तसंही विमानात श्रीमंतच बसतात. मी दहा वर्षं इथे पंपांचे पार्ट विकत देशोदेशी फिरतोय, मला हे वाचून गप्प बसवत नाही.

आधी गिळण्याचं बघू. १९९९ चा यामुसुक्रो निर्णय, म्हणजे आकाश मोकळं करायचा आफ्रिकेतल्या देशांचा करार, आणि त्याच्या आधारावर जानेवारी २०१८ ला २३ देशांनी सुरू केलेलं सामायिक हवाई मार्केट, यात मोकळीक आहे ती देशादेशांतल्या फ्लाइटना. म्हणजे इथिओपियाचं विमान टोगोच्या राजधानीत, लोमेला उतरून तिथले पॅसेंजर तिसऱ्या देशात नेऊ शकतं, पण केनियातलं नैरोबी-मोंबासा किंवा नायजेरियातलं लागोस-अबुजा असं दुसऱ्याच्या घरातलं भाडं त्याला मारता येत नाही. आणि आफ्रिकेतून दुसऱ्या खंडात जाणारे साधारण ८०% पॅसेंजर आजच आफ्रिकेबाहेरच्या कंपन्यांकडे आहेत, एकटी टर्किश एअरलाइन्स पन्नासच्या वर आफ्रिकन शहरांत उतरते. गिळायचं त्यांनी गिळलंय, आणि आपण शेजाऱ्याला अडवून बसलोय!

छोट्या कंपन्या संपतील म्हणता, अहो संपल्या की! ११ फ्रेंचभाषक देशांनी १९६१ ला मिळून काढलेली एअर आफ्रिक २००२ ला बुडाली, नायजेरिया एअरवेज २००३ ला, आणि आमची झांबिया एअरवेज तर १९९४ लाच. तेव्हा आकाश बंदच होतं (१९९९ चा निर्णय नुसता कागदावर), कुठल्या कंपनीने आठवड्याला किती फेऱ्या मारायच्या ते दोन सरकारं करारात ठरवायची, तरी बुडाल्या, कारण कर्ज आणि राजकीय ढवळाढवळ. उलट २०१० ला लोमेहून उडायला लागलेली आस्काय बघा, तिच्यात इथिओपियनचा हिस्सा आहे, त्यांचीच टेक्निकल मदत आहे, आणि टोगोसारख्या चिमुकल्या देशात आज अख्ख्या पश्चिम आफ्रिकेचे लोक विमान बदलायला उतरतात.

तिकिटाचं अर्धं खरं आहे. इथले विमानतळ टॅक्स जबर आहेत, इंधनही महाग, ते सरकारांनी कमी केलंच पाहिजे. पण जोहान्सबर्ग-लुसाका रूटवर लो-कॉस्ट कंपनीला परवानगी मिळाली तेव्हा भाडं ३८% उतरलं आणि पॅसेंजरही तितकेच वाढले, हे आपल्याच शहरातलं उदाहरण फॉरवर्ड करणाऱ्यांना कसं आठवत नाही?

राहिले श्रीमंत. लोमेच्या चेक-इनला माझ्यापुढे गॅबनच्या राजधानीला, लिब्रव्हिलला निघालेली एक बाई होती, बाजारातून घेतलेल्या छापील कापडाचे गठ्ठे घेऊन. वजन दोन-तीन किलो जास्त निघालं तसं तिने तिथेच फरशीवर गाठोडं सोडलं, चार कापडं काढून कमरेला नि खांद्याला गुंडाळली, पुन्हा गाठ मारली आणि गठ्ठा काट्यावर ठेवला. माझ्या मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये विचारलं, बसने का नाही जात? तर बोटांवर मोजत म्हणाली, बेनिन, नायजेरिया, कॅमेरून, गॅबन, प्रत्येक चौकीवर गठ्ठे सोडायचे, प्रत्येक ठिकाणी काहीतरी द्यायचं, त्यात माल भिजला की गेलाच. म्हणून पैसे साठवून वर्षातून दोनदा विमानाने जाते. भाडं थोडं उतरलं तर चारदा जाईन म्हणाली.