मृतदेहांमुळे साथ येत नाही, आणि दुधाची पावडर ट्रकने पाठवायची नसते

कुठेही भूकंप, पूर किंवा चक्रीवादळ झालं की एक लांबलचक मेसेज फिरायला लागतो. या वेळी तो काकूने पाठवला. खाली तिची ओळ होती: "आमच्या ग्रुपने जुने कपडे आणि दुधाची पावडर गोळा करायला घेतलीय, तूही दे." काकूला मनापासून मदत करायची आहे आणि तिच्यासारख्या हजारो लोकांना तशीच करायची असते. म्हणूनच हा मेसेज लिहिणाऱ्याचा राग येतो.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. मृतदेहांमुळे साथ पसरते, म्हणून ओळख पटवत बसू नका, एका खड्ड्यात चुना टाकून पुरून टाका. टँकरच्या पाण्यात दुप्पट ब्लीचिंग पावडर घाला. कपडे, औषधं, दुधाची पावडर ट्रकमध्ये भरून थेट गावात न्या. संस्थांचे फील्ड ऑफिसर पहिले तीन दिवस वह्या घेऊन नुसते फिरतात, त्यांना पैसे देऊ नका.

सगळ्यात घातक मुद्दा पहिला आहे, म्हणून आधी तोच.

भूकंपात, पुरात माणसं मरतात ती मार लागून, बुडून किंवा भाजून. मरताना त्यांना साथीचा आजार सहसा नसतो. साथीचे जंतू जिवंतपणी शरीरात नसले तर मेल्यावर तयार होत नाहीत. कुजण्याचा वास असह्य असतो, पण वासाने रोग होत नाही. पॅन अमेरिकन हेल्थ ऑर्गनायझेशन, जागतिक आरोग्य संघटना, आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समिती आणि रेड क्रॉस-रेड क्रेसेंट महासंघ या चौघांनी मिळून २००६ साली आपत्तीनंतरच्या मृतदेहांच्या व्यवस्थेवर एक पुस्तिका काढली. डॉक्टर नसलेल्या, पहिल्या दिवशी घटनास्थळी पोचणाऱ्या माणसासाठी ती लिहिलेली आहे. तिच्यात स्पष्ट सांगितलंय की नैसर्गिक आपत्तीतल्या मृतदेहांमुळे साथ येत नाही, आणि चुना टाकून किंवा फवारणी करून काही साधत नाही.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. माणूस कॉलराने किंवा इबोलाने गेला असेल तर त्याचा देह हाताळताना खरा धोका असतो. २०१४ ते २०१६ च्या पश्चिम आफ्रिकेतल्या इबोलाच्या साथीत अंत्यविधीतून लागण पसरली. पण तो साथीतला मृत्यू, आणि त्याचे नियम वेगळे. ते नियम उचलून भिंत अंगावर पडून गेलेल्या माणसाला लावणं ही या मेसेजची मूळ गफलत आहे. देह उचलणाऱ्यांना रक्त आणि विष्ठेपासून थोडा धोका असतो, त्यासाठी हातमोजे, बूट, काम संपल्यावर साबणाने हात धुणं आणि तोंडाला हात न लावणं पुरतं.

आता घाईने पुरल्यावर काय होतं ते बघा. उष्ण हवेत १२ ते ४८ तासांत चेहरा ओळखू येईनासा होतो. म्हणजे घाई करायचीच असेल तर ती नोंदीची करायला हवी. प्रत्येक देहाला स्वतंत्र क्रमांक: ठिकाण, उचलणारं पथक आणि कितवा देह. तो क्रमांक पाण्याने न पुसणाऱ्या चिठ्ठीवर लिहून एक चिठ्ठी देहाला आणि दुसरी पिशवीला बांधायची. नुसत्या पिशवीला बांधली तर पिशवी बदलताना ओळख हरवते, आणि हे वारंवार घडतं. मग फोटो: पूर्ण देह समोरून, चेहरा पुसून स्वच्छ करून, अंगावरचे कपडे, आणि व्रण, गोंदण, जन्मखूण असं जे काही असेल ते. प्रत्येक फोटोत क्रमांक दिसलाच पाहिजे, नाहीतर शंभर फोटोंतला कोणता कुणाचा ते रात्री कुणालाच सांगता येत नाही. दागिने, पाकीट, चाव्या देहाबरोबरच ठेवायच्या. "सुरक्षित राहावं" म्हणून सगळा ऐवज एका पेटीत जमा केला की ओळखीचा सगळ्यात भक्कम पुरावा गेला.

ठेवायला जागा नसेल तर २ ते ४ अंश तापमानाचा शीत कंटेनर. मालवाहतुकीच्या अशा एका कंटेनरमध्ये जास्तीत जास्त ५० देह मावतात. तोही नसेल तर कोरडा बर्फ (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड), देहामागे दिवसाला सुमारे १० किलो, देहांच्या भोवती बुटकी भिंत रचून. साधा बर्फ वापरायचा नाही. तो वितळून घाण पाणी पसरतं आणि चिठ्ठ्या, कपडे भिजतात. यातलं काहीच शक्य नसेल तर तात्पुरतं दफन: दीड मीटर खोल चर, देह एकाच थरात, दोन देहांत ४० सेंटिमीटर अंतर, प्रत्येकाची जागा खुणेने नोंदलेली, आणि पिण्याच्या पाण्यापासून किमान २०० मीटर दूर. अनोळखी देह जाळायचे नाहीत, कारण पुढे तपासायला काहीच उरत नाही.

या पद्धतीला वेळ लागतो, पण तो द्यायला हवा. आणि तिच्यावर जिवंत माणसांचं आयुष्य अडलेलं असतं. देहाची ओळख नाही म्हणजे मृत्यूचा दाखला नाही. दाखला नाही म्हणजे वारसाहक्क, भरपाई, बँकेतले पैसे, विधवेचं पुनर्लग्न, अनाथ मुलाचं पालकत्व, सगळं वर्षानुवर्षं लटकतं. बाप गेला की बेपत्ता आहे, एवढं साधं उत्तरही मुलांना मिळत नाही. "लगेच पुरून टाका" असं फॉरवर्ड करणाऱ्याने हे एकदा डोळ्यांसमोर आणावं.

हैतीचं उदाहरण हटकून दिलं जातं: "भूकंपानंतर कॉलरा आला की नाही?" आला. जानेवारी २०१० मध्ये भूकंप आणि ऑक्टोबर २०१० मध्ये कॉलरा. दरम्यान मृतदेह घाईने सामूहिक खड्ड्यांत गेलेले होते, म्हणजे मेसेजमधला सल्ला तिथे अमलात येऊन चुकला होता. कॉलरा आला तो संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या तळावरचं सांडपाणी आर्तिबोनित नदीच्या उपनदीत गेल्यामुळे. हजारो माणसं गेली, आणि २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांना जाहीर माफी मागावी लागली. बाहेरून आलेले मदतवाले रोग आणू शकतात, हा आरोप इथे खरा ठरला, आणि तो मी नाकारणार नाही. पण दोष जिवंत माणसांच्या संडासाचा होता.

साथ तिथूनच येते: जिवंतांची विष्ठा आणि पिण्याचं पाणी एकत्र आल्यावर. १९९४ मध्ये रवांडाचे निर्वासित शेजारच्या काँगोतल्या (तेव्हाचा झाइर) गोमाला आले तेव्हा पहिल्या महिन्यात जवळजवळ ५०,००० माणसं गेली, मुख्यतः कॉलरा आणि हगवणीने. जमीन ज्वालामुखीच्या खडकाची असल्याने संडास खणता येईनात आणि पाणी तलावाचं. मृतदेहांवर उधळायला चुना गोळा करणाऱ्यांनी तेवढेच हात संडासाचे खड्डे खणायला लावले तर जीव वाचतील. सुरुवातीच्या दिवसांत ५० माणसांमागे एक संडास, नंतर २० मागे एक, आणि भूजलाच्या स्रोतापासून किमान ३० मीटर लांब.

आता दुप्पट ब्लीचिंग. पाण्यात क्लोरीन किती घालायचं हे पाणी ठरवतं. गढूळ पाणी क्लोरीन खाऊन टाकतं, स्वच्छ पाण्याला थोडं पुरतं. म्हणून फील्डवर बादल्यांची चाचणी करतात. सुमारे ३० टक्के क्लोरीनची ब्लीचिंग पावडर ३३ ग्रॅम घेऊन एक लिटर पाण्यात कालवायची. हे एक टक्क्याचं द्रावण झालं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम क्लोरीन. गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं नितळ पाणीच घ्यायचं. गाळ गेला तर नळ्या तुंबतात. टाकीतलंच पाणी भरलेल्या २० लिटरच्या पाच प्लास्टिकच्या बादल्या घ्यायच्या (धातूची बादली क्लोरीन खाते) आणि बिनसुईच्या सिरिंजने त्यांत अनुक्रमे १, २, ३, ४ आणि ५ मिलिलिटर द्रावण घालून ढवळायचं. ३० मिनिटं थांबायचं. मग गोळी टाकून रंग बघायच्या संचाने प्रत्येक बादलीतलं उरलेलं क्लोरीन मोजायचं. ज्या बादलीत लिटरमागे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम उरलं, ते प्रमाण आपलं. समजा ३ मिलिलिटरची बादली बरोबर आली, तर १०,००० लिटरच्या टाकीला, म्हणजे ५०० बादल्यांना, दीड लिटर द्रावण. पाचही बादल्यांत काहीच उरलं नाही तर पावडर वाढवत न बसता आधी तुरटीने गढूळपणा बसवायचा.

उघडं पडलेलं पोतं आठवड्यागणिक कमजोर होत जातं, म्हणून चाचणी ज्या पोत्यातून केली त्याच पोत्यातली पावडर टाकीत घालायची. हे चुकलं तर सगळं गणित चुकतं. आणि डोळे झाकून दुप्पट घातली तर पाण्याला इतका उग्र वास येतो की लोक नळ सोडून ओढ्याचं पाणी पितात. ज्याला आपण सुरक्षित पाणी म्हणून मिरवतो ते कुणी प्यालेलंच नसतं.

ट्रकभर वस्तूंमध्ये दुधाची पावडर सर्वांत वाईट. मे २००६ च्या भूकंपानंतर इंडोनेशियात योग्यकर्ता आणि मध्य जावा भागात दान आलेल्या पावडरीचा अभ्यास झाला. जिथे अशी पावडर पोचली त्या लहान मुलांत आठवड्याभरातल्या जुलाबाचं प्रमाण २५.४ टक्के होतं, जिथे पोचली नाही तिथे ११.५ टक्के. कारण साधं आहे: घाण पाणी, न उकळलेली बाटली, आणि पावडर पुरवायची म्हणून पातळ केलेलं दूध. त्यात वरचं दूध सुरू झालं की आईचं दूध कमी होतं आणि दान संपल्यावर बाळाला दोन्ही मिळत नाही. धक्क्याने दूध आटतं असं लोक म्हणतात. पान्हा फुटायला थोडा वेळ लागतो, पण बाळाला पाजत राहिलं तर दूध येत राहतं. अशा आईला आडोसा, जादा खाणं आणि पाणी हवं असतं. ज्या बाळाला आईच नाही त्याला पावडर लागू शकते, पण ती तपासून, त्या एका बाळाच्या नावाने, उकळलेल्या पाण्याच्या सोयीसकट आणि त्याला गरज असेपर्यंत द्यायची असते. म्हणून पावडरीचं दान मागूही नये आणि स्वीकारूही नये, हा जगभर मान्य झालेला नियम आहे.

औषधांचं तेच. १९९२ ते १९९६ मध्ये बोस्नियात दान म्हणून सुमारे १७,००० टन निरुपयोगी औषधं येऊन पडली. घरातल्या अर्धवट पट्ट्या तर नकोतच. कपड्यांबद्दल एकच सांगते: ट्रक रिकामा करायला माणसं लागतात, गोदाम लागतं, आणि भिजलेला ढीग रस्त्यातच कुजतो. शेजारच्या बाजारात कपडे मिळत असतील तर पैसे द्या, लोक आपल्या मापाचे घेतील. बाजारच उद्ध्वस्त झाला असेल तर वस्तूच द्याव्या लागतात, हेही खरं, पण कोणत्या ते विचारून.

राहिला वह्यांचा मुद्दा. त्या वह्यांत माणसं मोजून लिहिलेली असतात, आणि पुढचं सगळं त्या आकड्यावर ठरतं. मृत्युदराचा धोक्याचा इशारा दहा हजारांमागे दिवसाला एक मृत्यू हा आहे. छावणीत रोज दोन माणसं जातात आणि आत २०,००० माणसं आहेत असं धरलं तर आपण काठावर आहोत. पण मोजल्यावर तिथे १२,००० च निघाली तर दर १.७ च्या आसपास जातो आणि आज रात्रीच हालचाल करावी लागते. माणशी रोज १५ लिटर पाणी आणि एका नळावर २५० माणसं, हे गणितही त्याच आकड्यावर उभं आहे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या डाव्या दंडाचा घेर ११५ मिलिमीटरपेक्षा कमी भरला तर ते मूल तीव्र कुपोषित, त्याला लगेच उपचार. हेही दारोदार जाऊन पट्टीने मोजल्याशिवाय कळत नाही. ट्रकमधून फेकलेलं सामान धडधाकट पुरुषांच्या हाती लागतं. पाच जणांच्या कुटुंबाचं १५ दिवसांचं धान्य, माणशी रोज ४०० ग्रॅम धरलं तर, ३० किलो होतं. त्या कुटुंबातून एकटीच आलेली म्हातारी ते उचलूच शकत नाही. तिचं नाव वहीत असेल तर टोकन आदल्या दिवशी तिच्या हातात पडतं आणि पोतं तिच्या तंबूपर्यंत नेणारा माणूस ठरलेला असतो.

वह्यांवरचा राग मात्र पूर्ण खोटा नाही. तीन संस्था एकाच बाईला तेच वीस प्रश्न विचारतात आणि एकही परत येत नाही, असं होतं. ही लाज वाटायची गोष्ट आहे. म्हणून पैसे देण्याआधी संस्थेला विचारा: तुमची यादी इतरांबरोबर वाटून घेता का, माणशी किती आणि काय देणार ते वाटपाच्या जागी फळ्यावर लिहिता का, आणि तक्रार घ्यायला त्या रांगेच्या शेवटी कोण बसतं. उत्तरं मिळाली नाहीत तर दुसरी संस्था बघा. काकूच्या ग्रुपने जमवलेली पावडर जिथून घेतली तिथे परत करावी आणि ते पैसे अशा संस्थेला द्यावेत.