ओस स्थानकाचा हेवा

नाशिकला रेल्वेने येणारा पाहुणा प्रत्यक्षात नाशिक रोडला उतरतो आणि गाव अजून आठ-नऊ किलोमीटर लांब आहे, हे त्याला फलाटावर पाय ठेवल्यानंतर कळते. मुंबईहून पावणेदोनशेच्या वर किलोमीटर खिडकीशी बसून आलेला हा सद्गृहस्थ उरलेल्या अंतरासाठी यजमानाला फोन लावतो. स्थानकाबाहेर "द्वारका, शालिमार, सीबीएस" असा रिक्षावाल्यांचा गजर अखंड चालू असतो. परंतु शेअर रिक्षात चौथी सीट म्हणून चालकाच्या मांडीला मांडी लावून बसण्यापेक्षा पाहुण्यांना माझी स्कूटर अधिक प्रतिष्ठेची वाटते.

परवा मेव्हणे आले. सासूबाईंनी दिलेली लोणच्याची बरणी त्यांनी आपल्या पोटाच्या आणि माझ्या पाठीच्या मधोमध धरली होती, त्यामुळे द्वारकेच्या कोंडीत मी ब्रेक दाबला की कैरी कोणत्या बाजूला सरकली, हे मला मणक्यावर अचूक समजत होते. "दाजी, अजून किती?" असे ते प्रत्येक सिग्नलला विचारत. याच वाटेवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून काही दशके घोड्यांची ट्राम धावत असे, ही माहिती मी त्यांना पुरवली. त्यावर "घोड्याने लवकर पोहोचलो असतो," एवढेच ते म्हणाले.

घरी सिंगापूरहून आलेला भाचा बसला होता. तेथील बुकित पांजांग भागात 1999 साली रबरी चाकांवर, चालकाविना धावणारी हलकी रेल्वे सुरू झाली. तिच्या एका आखूड फाट्याच्या टोकाला टेन माइल जंक्शन नावाचे स्थानक होते आणि तेही चक्क एका मॉलमध्ये. तरीही तेथे फारसे कोणी फिरकत नसे, म्हणून 2019 च्या जानेवारीत ते कायमचे बंद करण्यात आले. "मामा, कधी कधी डब्यात मी एकटाच असायचो, अक्षरशः लाज वाटायची," असे तो खंत व्यक्त करावी तशा सुरात सांगत होता. मी पाठ चोळत ऐकत होतो. अशी लाज वाटण्याचा योग नाशिककराच्या पत्रिकेत नाही.

नाही म्हणायला आमच्याकडेही रबरी टायरची मेट्रो निओ येणार होती. 2021 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तिच्यासाठी 2,092 कोटी रुपये जाहीर झाले. गंगापूर ते नाशिक रोड हा लांब मार्ग आणि मुंबई नाक्याकडे जाणारा दुसरा, आखूड मार्ग, अशी आखणीही झाली. मात्र ती अजून कागदावरून खाली उतरलेली नाही.

"हा आखूड मार्गसुद्धा तुमच्यासारखाच ओस पडला, तरी मी त्याला टाळे लागू देणार नाही," असे मी भाच्याला बजावले. "रोज संध्याकाळी भाजी आणायला मी मेट्रोनेच जाईन, हवे तर लिहून देतो."

तेवढ्यात खालून भाजीवाल्याची हाक आली आणि सौभाग्यवतींनी माझ्या हातात पिशवी दिली.