अकरा सीझन खेळलेल्या माणसाला ग्रुपमधून काढलं

अकरा सीझन एकाच फुटबॉल क्लबसाठी स्टॉपरला, म्हणजे बचावफळीच्या मधोमध, उभा राहिलेला पस्तिशीचा खेळाडू. यंदा आपण टीममध्ये नाही, हे त्याला काल रात्री व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढल्यावर कळलं. ना कोचचा फोन, ना सेक्रेटरीचा. सकाळपासून डोकं फिरलंय.

त्याला ठेवायलाच हवं होतं असं मी म्हणत नाही. पाय मंदावलेत, हे मुंबईत कूपरेज मैदानाच्या गॅलरीतल्या पोरांनाही दिसतं. खेळ तो आजही सगळ्यांच्या आधी ओळखतो. पण बॅकलाइन, म्हणजे बचावफळी, वर चढली आणि मागे बॉल पडला, की वळायला त्याला दोन पावलं जास्त लागतात, तेवढ्यात कडेने धावणारा विंगर निघून जातो. तीन दिवसांत दुसरी मॅच आली की हॅमस्ट्रिंग, मांडीमागचा स्नायू, धरतं. ठीक आहे, काढा. पण तोंडावर सांगा ना!

मोठ्या क्लबांनीही हेच केलंय. रेआल माद्रिदमध्ये २५ वर्षं काढलेला गोलकीपर कासियास जुलै २०१५ मध्ये निरोपाचा कागद घेऊन एकटाच टेबलावर बसला. वाचताना रडला. शेजारी क्लबचा एक माणूस नाही! दुसऱ्या दिवशी मग घाईघाईने क्लबच्या बर्नाबेउ स्टेडियमवर कार्यक्रम.

इटलीच्या युवेंतुस क्लबच्या अध्यक्षांनी ऑक्टोबर २०११ मध्ये चक्क भागधारकांच्या सभेत सांगितलं, कॅप्टन देल पिएरोचा हा शेवटचा सीझन. जागा साफ चुकली. पण त्याला सात महिने तरी मिळाले. मे २०१२ मध्ये अतालांताविरुद्ध घरच्या शेवटच्या मॅचला त्याने गोल केला, दुसऱ्या हाफमध्ये त्याला बाहेर घेतलं, आणि मॅच चालू असतानाच तो मैदानाभोवती फिरून लोकांचा निरोप घेत होता.

करार संपायला सहा महिने उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबशी करार करू शकतो, हा फिफाचाच नियम. म्हणजे करार मेअखेर संपत असेल तर नोव्हेंबरातच सांगायचं. आधी त्याला, बंद खोलीत, कोचने. मग टीमला. मग बाहेर. एकदम बेंचवर बसवलं तर मॅच फिटनेस महिन्याभरात जातो, म्हणून ९० मिनिटांची आधी ६० करा, मग आघाडी राखायला शेवटची वीस. कॅप्टनचा बँड त्याच्याच हाताने पुढच्याला बांधू द्या. आणि शेवटच्या मॅचला सुरुवातीपासून उतरवा, ‘शेवटी आणू’ म्हणू नका. टीम मागे पडली, दोघं जखमी झाले, की पाचही बदली खेळाडू भलतीकडेच खर्च होतात आणि हा ट्रॅकसूटमध्ये बसून राहतो.

भारताचा कॅप्टन सुनील छेत्रीने देशासाठी खेळणं थांबवतोय हे मे २०२४ मध्ये स्वतःच सांगितलं आणि ६ जूनला कोलकात्यात कुवेतविरुद्ध खेळून थांबला. मार्च २०२५ मध्ये परत आला, ते सोडा.

छोट्या क्लबांकडे पैसा नाही, सेक्रेटरी नोकरी सांभाळून धावतो, मान्य. फोनला किती पैसे लागतात?

पावसाळी मॅचआधी हा माणूस चिखलात टाच रोवून बघायचा आणि नव्या पोरांना स्वतःच्या पिशवीतले बुटांचे लांब स्टड काढून द्यायचा. आज त्याच पोरांपैकी एकानेही ग्रुपवर विचारलं नाही की दादा कुठे गेला. त्यांनाही काय बोलणार, विशी-बाविशीची आहेत, कोचला घाबरतात.

त्याचं किट अजून क्लबच्या कपाटात आहे. ते कुणाच्या हाती घरी पाठवू नका. त्याला बोलवा, चहा मागवा आणि कोचने समोर बसून सांगावं.