लॅमिन म्हणजे केंद्रकाची नुसती भिंत नव्हे

जीवशास्त्राच्या नोट्समध्ये आणि फॉरवर्ड होणाऱ्या चित्रांखाली एक वाक्य हमखास दिसतं: ‘लॅमिन ही पेशीकेंद्रकाची भिंत. आकार देणं एवढंच तिचं काम. ती ढासळली की माणूस अकाली म्हातारा होतो.’ सुटसुटीत असल्यामुळे ते पाठ होतं. पण त्याचा प्रत्येक तुकडा दिशाभूल करणारा आहे.

आधी ‘भिंत’. केंद्रकाच्या दुहेरी पटलाला आतून चिकटलेली ही लॅमिन नावाच्या प्रथिनांच्या धाग्यांची जाळी आहे. धागे जेमतेम ३.५ नॅनोमीटर जाडीचे. आणि जाळी कायमची नसते. पेशी विभाजनाला लागली की सीडीके-१ हे एन्झाइम लॅमिनच्या रेणूंवर ठरावीक जागी फॉस्फेट चिकटवतं. त्यासरशी धागे सुटे होतात, केंद्रकाचं पटल विस्कटतं, गुणसूत्रं मोकळी होतात. विभाजन उरकलं की फॉस्फेट निघतात आणि दोन्ही नव्या पेशींत जाळी पुन्हा विणली जाते. अशी उसवणारी आणि विणली जाणारी भिंत कुठे असते?

‘एवढंच काम’ हे तर मला सगळ्यात जास्त खटकतं. आपल्या डीएनएचा एक तृतीयांशाहून मोठा भाग या जाळीला टेकून असतो आणि तिथली बहुतेक जनुकं गप्प असतात. म्हणजे कुठलं जनुक बोलणार यातही तिचा हात आहे. शिवाय सन आणि नेस्प्रिन या प्रथिनांमार्फत ती केंद्रकाबाहेरच्या सांगाड्याला बांधलेली असते, त्यामुळे पेशी ताणली गेली की तो ताण थेट केंद्रकापर्यंत पोचतो. हाडासारख्या कडक ऊतींत लॅमिन-ए हा लॅमिनचा एक प्रकार भरपूर सापडतो, मेंदूसारख्या मऊ ऊतींत अगदी कमी. रक्तातल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींत तो जवळजवळ नसतोच, म्हणून त्यांचं केंद्रक दुमडून अरुंद फटीतून सहज निसटतं.

(काही पोस्टमध्ये लॅमिनच्या नावाखाली क्रुसाच्या आकाराचं चित्र असतं. ते लॅमिनिन, वेगळंच प्रथिन. ते पेशीच्या बाहेर असतं, त्याचा इथे काही संबंध नाही.)

आता ‘ढासळली की म्हातारपण’. लहान मुलांना अकाली म्हातारं करणाऱ्या प्रोजेरिया या आजाराचं कारण २००३ साली कळलं: लॅमिन-ए बनवणाऱ्या एलएमएनए जनुकात १८२४व्या जागी ‘सी’ या डीएनएच्या अक्षराच्या ठिकाणी ‘टी’. या बदलाने अमिनो आम्लसुद्धा बदलत नाही, ६०८व्या जागी ग्लायसिनच राहतं. पण जनुकाचा संदेश जोडताना कात्री भलत्याच जागी चालते आणि प्रथिनातली ५० अमिनो आम्लं गळतात. फार्नेसिल नावाचं चिकट शेपूट जिथून कापलं जायचं, ती जागा नेमकी त्या ५० मध्येच असते. शेपूट न सुटलेलं हे प्रोजेरिन पटलाला चिकटून साचत जातं आणि केंद्रकाला फुगवटे, घड्या पडतात. म्हणजे इथे भिंत पडत नाही, जे निघायला हवं होतं ते निघत नाही. २०२० साली अमेरिकेत मंजूर झालेलं लोनाफार्निब हे औषध ते शेपूट मुळात लागण्यालाच अडवतं.

आणि याच जनुकातले इतर दोष वेगळीच दुखणी देतात. एमरी-ड्रायफस स्नायूविकारात स्नायू आखडतात, झिजतात. डनिगन प्रकारात हातापायांची चरबी नाहीशी होते. काहींचं फक्त हृदय बिघडतं, आणि ठोक्यांची लय पंपाची ताकद कमी होण्याआधीच चुकायला लागू शकते. असा दोष असलेल्या घरातल्या माणसाने ‘लॅमिन म्हणजे म्हातारपण’ एवढंच वाचलं, तर तो सुरकुत्यांची वाट पाहत बसेल. त्याला आधी गरज असते ईसीजीची.