व्हेनिसमधला मुक्काम कसा बिघडवावा

व्हेनिसचं बुकिंग करायला बसताना नकाशा उघडू नका. स्वस्तापासून महागापर्यंत यादी लावा आणि वरचं पहिलं बरं दिसणारं हॉटेल घेऊन टाका. नावात ‘व्हेनेत्सिया’, म्हणजे इटालियनमधलं व्हेनिस, आहे ना? मग झालं तर. पत्त्यातही व्हेनेत्सियाच असेल आणि त्यात खोटं काहीच नाही. खाडीपलीकडची मेस्त्रे आणि मार्गेरा ही दोन्ही गावं व्हेनिसच्याच नगरपालिकेत मोडतात. रेल्वेचं तिकीटसुद्धा ‘व्हेनेत्सिया मेस्त्रे’पर्यंतचंच काढा. पुढे जेमतेम दहा मिनिटांवर ‘व्हेनेत्सिया सांता लुचिया’ आहे. तिथे स्टेशनाच्या पायऱ्या उतरल्या की समोर ग्रँड कॅनाल. एवढी घाई कशाला?

व्हिसाच्या फाइलला जोडण्यापुरतं केलेलं, फुकट रद्द होणारं बुकिंग असेल तर फारच छान. व्हिसा हातात पडला की निवांत शोधू असं ठरलं होतं, ते सोयीस्कर विसरा.

मेस्त्रेत राहण्याचा हिशेब अगदी सोपा आहे. रात्रीमागे चाळीस-पन्नास युरो वाचले, हे कागदावर लिहा आणि तिथेच थांबा. खालची ओळ लिहू नका. नाश्ता, स्टेशनापर्यंतची पायपीट आणि गाडी धरून सान मार्को चौकात पोहोचायला दहा-साडेदहा होतात. दिवसभराच्या सहलींचे जथेही नेमके तेव्हाच येतात. संध्याकाळी ते परतू लागले, चौकातल्या कॅफेंचे वाद्यवृंद ऐकायला जागा झाली, की तुम्हीही गाडीची वेळ बघायला लागा. रात्री उशिरा गाड्या विरळ होतात. सकाळी सातचा रिकामा चौक आणि रात्री नऊचा शांत रिआल्तो पूल, बेटावर म्हणजे मूळ व्हेनिसमध्ये उतरलेल्यांना बघू दे. तुम्ही गर्दीबरोबर या, गर्दीबरोबर जा.

मेस्त्रेला एक दोष मात्र आहे. २०२४ पासून ठरावीक दिवशी बाहेरून येणाऱ्यांना प्रवेशशुल्क पडतं, पण नगरपालिकेच्या हद्दीत रात्रीचा मुक्काम असेल तर ते माफ असतं. फक्त ऑनलाइन नोंद करून क्यूआर कोड घ्यावा लागतो. ही सूट नकोशी वाटत असेल तर आणखी लांब, पादुआत किंवा त्रेव्हिझोत उतरा. तिथून आलात की त्या दिवशी माणशी पाच किंवा दहा युरो भरण्याचा मान मिळतो.

काही हट्टी माणसं तरीही बेटावरच राहायचं म्हणतात. त्यांनी ‘सान मार्कोपासून ३०० मीटर’ या ओळीवर डोळे झाकून विश्वास ठेवावा. ते अंतर हवेतलं असतं. जमिनीवर मधे कालवा येतो, आणि पूल समोर नसून दोन गल्ल्या मागे असतो. चाकांची बॅग इथे पुलापर्यंतच चालते. पुढे पायऱ्या चढताना ती उचलायची आणि पलीकडे उतरतानाही उचलायची. तेव्हा विमान कंपनीने परवानगी दिलेले तेवीसच्या तेवीस किलो भरा आणि तशा दोन बॅगा घ्या. बोटीच्या थांब्यापासून दारापर्यंत पूल किती, हे मालकाला विचारायचा मोह होईल. आवरा. माणूस प्रामाणिक निघाला तर खरा आकडा सांगेल आणि तुम्हाला जागा बदलावी लागेल. सांता लुचियातून बाहेर पडून डावीकडे वळलं, तर लिस्ता दि स्पान्या रस्त्यावर गुल्ये पुलापर्यंत एकही पूल लागत नाही. त्या पट्ट्यातली हॉटेलं कटाक्षाने टाळा. पायऱ्यांवाचून व्हेनिस कसलं!

बोटीने जवळ जाऊ म्हणाल, तर वापोरेत्तोचं, म्हणजे इथल्या सार्वजनिक बोटीचं, एक तिकीट सध्या साडेनऊ युरोंचं आहे आणि ते ७५ मिनिटं चालतं. चौघांचे झाले अडतीस. २४ तासांचा पास पंचवीस युरोंत मिळतो. तो घेऊ नका, दिवसातून तीनदा सुटं तिकीट काढा. लांबी, रुंदी, उंची मिळून दीडशे सेंटिमीटरपर्यंतची एक बॅग फुकट जाते. घरी टेप लावून बघायची तसदी अर्थातच घेऊ नये.

पत्ता ‘कास्टेल्लो’ हे विभागाचं नाव आणि पुढे चार आकडे एवढाच असेल, तर त्यावर समाधान माना. इथे घरांचे क्रमांक गल्लीनुसार नसतात, सबंध विभागाला सलग दिलेले असतात, आणि कास्टेल्लोत ते सहा हजारांच्या पुढे जातात. मालकाने आपणहून गल्लीचं नाव कळवलं आणि ते ‘कॅले देल फोर्नो’ निघालं तर उत्तमच. म्हणजे भट्टीची गल्ली. पूर्वी भट्ट्या जागोजागी होत्या, त्यामुळे या नावाच्या गल्ल्याही शहरभर आहेत. रात्री साडेदहाला पोहोचलात तर शोधण्याची मजा वाढते. उशिरा येणाऱ्यांकडून काही मालक जादा पैसे घेतात, तेही द्या.

खोली तळमजल्याचीच मागा. इथले व्यापारी तळमजल्यावर माल ठेवत आणि स्वतः वरच्या ‘पियानो नोबिले’ या मुख्य मजल्यावर राहत, पण त्यांना काय कळतंय! ओल, कुबट वास आणि खिडकीशी पहाटेच माल उतरवणाऱ्या बोटी, सगळं एकाच भाड्यात मिळतं. त्यातून नोव्हेंबर असेल तर दुधात साखर. समुद्राचं पाणी अडवणारे ‘मोसे’चे दरवाजे २०२० पासून उभे राहतात खरे, पण साधारण ११० सेंटिमीटरच्या भरतीचा अंदाज असेल तरच. सान मार्को चौक त्याच्या बऱ्याच आधी भिजतो. बूट दारातच वाळत घाला.

भाड्याच्या घराच्या जाहिरातीत ‘चिन’ हा सरकारी नोंदणी क्रमांक आहे का, हे बघत बसू नका. २०२५ पासून तो सक्तीचा आहे, म्हणून तर न बघण्यात थरार. पर्यटक कर माणशी, दर रात्रीचा आणि बहुधा वेगळा भरावा लागतो. तो काउंटरवर कळला की वाद घाला.

आणि परतीचं विमान सकाळी सहाचं असेल, तर निदान शेवटची रात्र मेस्त्रेत काढण्याचा शहाणपणा करू नका. त्या रात्री नेमके बेटावर, विमानतळाच्या बसपासून लांब राहा. पहाटे साडेतीनला पूल ओलांडत थांब्यावर या, रात्रीच्या ‘एन’ लाइनची बोट कधी येते ते बघा, आणि ती नाहीच आली तर वॉटर टॅक्सी बोलवा. विमानतळापर्यंत ती शंभर युरोंच्या वर घेते. तेवढे तर आपण मेस्त्रेत दोन-तीन रात्रींतच वाचवले होते.