खोडदची जाळी

नॅनोहर्ट्झ गुरुत्वीय लहरींवरचा, म्हणजे अवकाशालाच ताणत-आकसत जाणाऱ्या अतिसंथ लहरींवरचा तुमचा लेख आवडला, पण युरोपच्या दुर्बिणींचं कौतुक करताना आपली पुणे जिल्ह्यातल्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण एका ओळीत उरकलीत. २९ जून २०२३ ला या लहरींबद्दल जाहीर झालेल्या निष्कर्षात भारत-जपानच्या इनपीटीए या संशोधक गटाची जीएमआरटीवरनं घेतलेलीही निरीक्षणं होती की! मागं आम्ही साताऱ्याहून मुलांना घेऊन तिथं गेलो होतो. मोबाईल आधी बंद करायला लावले. ४५ मीटरची तबकडी, पण जवळनं बघितली तर नुसती तारांची जाळी, पलीकडचं आभाळ दिसतंय. धाकटी म्हणाली, "बाबा, ह्यातनं सगळं गळून जाईल की!" हातभर लांबीच्या रेडिओलहरींना ती जाळी पत्र्यासारखीच, हे समजावताना माझीच दमछाक झाली. आता पल्सारच्या, म्हणजे गरगर फिरत नियमित रेडिओ ठोके पाठवणाऱ्या ताऱ्यांच्या ठोक्यांवरनं गुरुत्वीय लहर कशी ओळखतात, तेवढं सोपं करून लिहा. ती रोज विचारतेय.