द्राक्षाची काडी, घुंगरू आणि टिकू : दिंडोरीच्या काकांना उत्तर

नमस्कार काका,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा मुकाट्याने पोपटाच्या खेळण्यांवरचा माझाच लेख उघडला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पक्ष्याला खेळणी हे शहरातल्या लोकांचे लाड, तुमच्या वाड्यातला मिठू घुंगरू आणि आरशावर १८ वर्षं मजेत जगला, सातशे रुपयांचं खेळणं दोन दिवसांत तुकडे व्हायला आणायचं कशाला, आणि छाटणीच्या द्राक्षकाड्या पिंजऱ्यात टांगा म्हणणाऱ्या बाईने बागेत कधी पाऊल तरी ठेवलंय का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तिथे तुम्ही मला बरोबर पकडलंय. द्राक्षवेलीचं लाकूड पोपटांना चालतं, बाहेरदेशी त्याची खेळणी विकतात, एवढ्यावर मी लिहून मोकळी झाले. नाशकात तर काड्यांचे ढीग पडतात, मग विकत कशाला घ्यायचं, हा माझा हिशेब. लाकूड विषारी नाही, पण त्यावर काय काय बसलंय हे मी कुणाला विचारलंच नाही. मोरचूद-चुन्याचं बोर्डो आणि शिवाय हंगामभराची बुरशीनाशकं. गोडी छाटणीनंतर (फळांसाठीच्या छाटणीनंतर) डोळे फुटायला तुम्ही लावता ते हायड्रोजन सायनामाइड वेलीवर राहिलेल्या काडीला लागतं, खाली पडलेल्या काडीला नाही, हे आता समजून घेतलं. तेवढ्याने ती काडी स्वच्छ ठरत नाही. धुऊन घ्यावी म्हटलं तर आंतरप्रवाही औषध सालीच्या आत गेलेलं. पोपट काडी सोलून तिचा भुगा करतो, आणि माझा पोपट टिकू जेमतेम ९० ग्रॅमचा आहे. ती ओळ आज लेखातून काढली.

घुंगराबाबत मात्र मी मागे हटणार नाही. घुंगराच्या फटीत नखं अडकतात, चोच अडकते, आणि अडकलं की पक्षी जिवाच्या आकांताने ओढतो. दुसरी गोष्ट धातूची. स्वस्त साखळ्या आणि तारांवर जस्ताचा मुलामा असतो, काही घंटांच्या लोलकात शिसं असतं. रोज चघळून ते पोटात गेलं की विषबाधा होते. पितळेतही जस्त असतंच. आपल्या भांडीबाजारातली पितळी घंटा सुरेख वाजते, ती देवघरात ठेवावी. पिंजऱ्यात स्टेनलेस स्टीलची कडी, तीही नटाने घट्ट बंद होणारी. तुमच्या मिठूला काही झालं नाही, याचा मला आनंदच आहे. बहुधा तो घुंगरू वाजवणारा असेल, चावणारा नसेल. सगळे तसे नसतात, आणि पक्षी आजार शेवटपर्यंत लपवतो. पिसं फुगवून बसलेला दिसला, तर बऱ्याचदा उशीर झालेला असतो.

(मिठूवरून आठवलं. आपला देशी पोपट पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. वाड्यात पुन्हा मिठू आणायचा विचार असेल तर नको. टिकू कॉकाटील आहे, मूळ ऑस्ट्रेलियाच्या जातीचा.)

आरशाचं सांगायचं तर टिकू दिवसभर त्यातल्या पोपटाला गाणी म्हणायचा, त्याला भरवायला घशातलं अन्न बाहेर काढायचा आणि माझ्यावर फिस्कारायचा. आरसा काढला, आठवड्यात माणसात आला.

आता लाड. रानातला पोपट दिवसाचा मोठा भाग अन्न शोधण्यात, सोलण्यात, फोडण्यात घालवतो. आपण वाटी भरून ठेवली की त्याचं काम दहा मिनिटांत संपतं. उरलेला दिवस तो ओरडतो, नाहीतर स्वतःची पिसं उपटतो. म्हणून खेळणं तुटलं की पैसे वाया गेले असं मला वाटत नाही; तुटण्यासाठीच ते असतं. पण सातशे रुपयांचंच तुटायला हवं असं नाही, इथे तुमचं पटलं. मीही एकदा सुती दोराचं महागडं खेळणं आणलं होतं. चावून चावून त्याचे धागे सुटले, एक धागा टिकूच्या बोटाला करकचून बसला आणि रात्री अकराला कात्रीने तो कापताना माझे हात थरथरत होते. गिळला असता तर तो गळ्याजवळच्या अन्नपिशवीत अडकू शकला असता.

हल्ली आमच्याकडे बुरुडाची बिनरंगी छोटी टोपली, नारळाची करवंटी, मक्याच्या कणसाची सालं आणि अंगणातल्या पेरूची फांदी एवढंच असतं. सालांत राळ्याचं कणीस गुंडाळून ठेवते. नवी वस्तू आधी चारेक दिवस पिंजऱ्याबाहेर, त्याला दिसेल अशी. थेट आत टांगली की घाबरून कोपऱ्यात बसतो. करवंटीला हात लावायला त्याने तीन आठवडे घेतले होते.

तुमच्याकडे बागेपासून लांब, फवारा उडत नाही अशा जागी बांबू असेल, तर दोन पेरं द्याल का? मी घ्यायला येते, आणि बागेत पाऊलही ठेवून जाईन.